आठवड्याआड

बबनतात्यांचा टोमॅटोचा प्लॉट करपला तो माझ्यामुळे. रणपिसे बाईंमुळे नाही. हे वाक्य मी आज लिहितो आहे. पण ते ज्या दिवशी आणि ज्या माणसांसमोर बोलायला हवं होतं, त्या दिवशी मी माझ्या दुकानात गल्ल्यामागे वाकून एक रिकामं खोकं सरळ करत होतो. खोकं सरळच होतं.

रणपिसे बाईंनी मला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं. त्या मूळच्या पुण्याजवळच्या. नारायणगावात खोली घेऊन राहायच्या आणि एसटीनं आमच्या गावात यायच्या. आमचं गाव बोरीच्या पलीकडचं, नदीकाठचं, बागायती. शाळा रस्त्याच्या एका बाजूला, एसटीचा थांबा दुसऱ्या बाजूला. पुढे त्या थांब्याशेजारीच मी बी-बियाणं आणि औषधांचं दुकान टाकलं, त्यामुळे शाळा सुटल्यावरही बाई माझ्या नजरेसमोरून गेल्याच नाहीत. ते पुढे फार जड गेलं.

आमच्या भागाला संशयाची सवय आहे. खोडदच्या रानात आकाश ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा त्या पाऊस अडवतात असं लोक शपथेवर सांगायचे. नवीन बियाणं आलं की पहिल्या वर्षी कुणी घेत नाही, दुसऱ्याच्या रानात काय होतं ते बघतात. उसात खसफस झाली की कुत्रं असलं तरी बिबट्याच. पण बाईंचा संशय निराळा होता. त्या घाबरत नसत. त्या फक्त खात्री करून घेत.

एसटीत चढताना पाटी वाचायच्या, मग कंडक्टरला विचारायच्या, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारायच्या. तिघांचं जुळलं तर बसायच्या. कंडक्टर वैतागायचा. "बाई, पाटी वाचता येती न्हवं तुमाला?"

"पाटी वाचता येते. ती कालची आहे का आजची ते वाचता येत नाही," बाई म्हणायच्या. आणि एकदा ती खरंच कालची निघाली. सगळी गाडी नारायणगावऐवजी आळेफाट्याला निघालेली, बाई तेवढ्या खाली उभ्या, छत्री टेकून.

छत्री बारमाही. शेंगदाणा खायचा झाला तर आधी दोन फाकी करून उजेडात बघायच्या, मग तोंडात. "भाजलेत बाई, ताजे हायती," असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "अळीलाही ताजेच आवडतात." आणि पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. शाळेत चहा आला की आपल्या पेल्यात ओतून घ्यायच्या, पिऊन झाला की स्वतः विसळून पिशवीत ठेवायच्या. गावात कुणाच्या घरी गेल्या तरी तेच. यावर गावात दोन मतं होती. एक, बाई फार सोवळ्याच्या आहेत. दुसरं मत हसत सांगितलं जायचं, कारण बाई बौद्ध होत्या आणि त्यांनी सोवळं पाळावं हे लोकांना विनोदी वाटायचं. "आपला कप चालत न्हाई त्यास्नी. उलटंच झालं की राव!" मीही हसलो आहे. त्या पेल्याचं कारण विचारावं असं माझ्यासकट एकालाही वाटलं नाही.

शिकवताना त्या इंग्रजी वाक्यातून अशा चालायच्या, जसं संध्याकाळचं उसाच्या कडेनं माणूस चालतो. प्रत्येक शब्दाशी थांबणार, ऐकणार, मगच पुढे. "ओळखीचा वाटतो ना? मग याच्यावर आधी संशय घ्या," असं म्हणायच्या. अनोळखी शब्द फसवत नाही, कारण त्याचा अर्थ आपण विचारतो. फसवतो तो ओळखीचा. "संशय माणसावर घ्यायचा नाही," हेही सांगायच्या, "शब्दावर घ्यायचा. शब्दाला वाईट वाटत नाही."

एक तास मला आजही पुरता आठवतो. म्हणजे एक जागा सोडून पुरता. आणि ती जागाच महत्त्वाची निघाली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या काळाचे शब्द शिकवायचे होते. दर आठवड्याचं, दर महिन्याचं, दर वर्षाचं. वीकली फळ्यावर लिहून बाई म्हणाल्या, "बेल्ह्याचा बाजार." सोमवारच्या बाजाराला सगळ्यांचे बाप जायचे, त्यामुळे तो शब्द जन्मभराचा पाठ झाला. मंथली म्हणजे संकष्टी. ओझरच्या गणपतीला गर्दी कधी होते ते पोरांना सांगावं लागत नव्हतं.

मग फोर्टनाइट आला. बाईंनी अर्थ विचारला. मी हात वर केला. फोर्ट मला ठाऊक होता, नाइट ठाऊक होती. शिवनेरी आमच्या तालुक्यातली. मी छाती काढून सांगितलं, "किल्ल्यावर मुक्काम."

बाई एरवी हसत नसत. त्या दिवशी खडू खाली ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, "विलास, चूक आहे, पण ठेवू या. किल्ल्यावर मुक्काम, चौदा रात्रींचा. फोर्टीनमधला फोर्ट आहे हा. आता कुणी विसरणार नाही." आणि लगेच संशय: "पण आपण तर पंधरवडा म्हणतो. पंधरा दिवस. मग एक दिवस कुणी खाल्ला?"

आम्ही बोटं मोजायला लागलो.

"आणि 'आठ दिवसांनी ये' म्हणतो तुमचा मामा. तुम्ही कधी जाता? पुढच्या त्याच वारी. म्हणजे सात दिवसांनी. आठवा दिवस कुठे गेला? आधी आपल्या मराठीवर संशय घ्या, मग इंग्रजांकडे जाऊ."

क्वार्टर्ली लिहिल्यावर मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "हो. क्वार्टर म्हणजे पाव. हे काही जणांना घरून ठाऊक आहे. वर्षाची क्वार्टर केली तर तीन महिने भरतात. आणि ती प्यायची नसते." त्यानंतर तिमाही परीक्षेला आम्ही शाळाभर क्वार्टरच म्हणायला लागलो आणि मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून विचारलं.

बायअॅन्युअल आणि बायएनिअल ही जोडी मात्र त्यांनी खिडकीतून शिकवली. शाळेमागे एक रायवळ आंबा होता, वर्षाआड धरणारा. बायअॅन्युअल वर्षातून दोनदा. बायएनिअल दोन वर्षांतून एकदा. कसं लक्षात ठेवायचं? बाईंनी आंब्याकडे बोट केलं. "आपण दगड घेऊन गेलो की हा काय म्हणतो? ए, औंदा नाही! बाय-ए-निअल. 'ए' ऐकू आला की समजायचं, मध्ये एक वर्ष रिकामं." औंदा हा शब्द त्यांच्या तोंडी प्रथमच ऐकला आणि आम्हाला उगाच त्या आमच्यातल्या वाटल्या.

शेवटी बायवीकली. इथे माझ्या आठवणीला भोक आहे. बाईंनी त्याला युक्ती दिली नाही, एवढंच मला पुसट आठवत होतं. बायसिकलला दोन चाकं, म्हणून बाय म्हणजे दोन, एवढं पक्कं. दोन कशाचे, ते राहून गेलं. माझं सगळं लक्ष क्वार्टरवर आणि किल्ल्यावरच्या मुक्कामावर होतं. माझ्या चुकीवर बाई हसल्या या आनंदात होतो मी. ज्याला युक्ती होती ते सगळं राहिलं. ज्याला नव्हती, तेवढंच गेलं.

पुढे माझं शिक्षण बारावीला थांबलं आणि दुकान सुरू झालं. तोवर बाईंनी शनिवारचा वर्ग चालू केला होता. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी सगळे गेले की बाई थांबायच्या आणि इंग्रजीत मागे पडलेल्या मुलींना शिकवायच्या. वर्ग सुरू करणं सोपं नव्हतं. "शाळा सुटल्यावर पोरी तिथं काय करत्यात?" हा पहिला प्रश्न. बाईंनी त्यावर भांडण केलं नाही. खिडक्या उघड्या, दार उघडं, आणि ज्या आईला यायचं तिनं येऊन मागे बसावं, असं सांगितलं. एकदोन आया खरोखर येऊन बसल्या, निवडायला तांदूळ घेऊन. मग त्या येईनाशा झाल्या, म्हणजे विश्वास बसला. मुली वाढत गेल्या. बबनतात्यांची मंदा त्यातलीच. दहावीला इंग्रजीत अडकलेली, पण चिकाटीची. तात्या आमच्या भावकीतले. मंदाचं स्थळ बघायला त्यांनी सुरुवात केली होती आणि बाईंनी त्यांना एवढंच म्हटलं होतं की, "इंग्रजी सुटेपर्यंत थांबा. मग तिलाच विचारा." तात्या थांबले होते. आमच्याकडे हे लहान काम नव्हे.

बाईंच्या पेल्यावर, छत्रीवर, एकटं राहण्यावर गावाचा संशय होता. त्यांच्या इंग्रजीवर नव्हता. ते एकच त्यांचं गावात चलनी नाणं होतं, आणि ते मी खोटं पाडलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. टोमॅटोचा जोर होता. रोज कुठल्या ना कुठल्या औषधाचा माणूस दुकानात यायचा. त्यातला एक दक्षिणेकडचा होता, हिंदी तोडकी, इंग्रजी भरभर. त्यानं एक नवीन औषध दाखवलं. दुकानात तेव्हा बबनतात्या बसले होते. किती दिवसांनी मारायचं असं मी हिंदीत विचारल्यावर तो म्हणाला, "बायवीकली. रेग्युलर, बायवीकली," आणि जीपमध्ये बसून गेला.

"काय म्हनला रं?" तात्यांनी विचारलं.

"आठवड्यातून दोनदा."

"दोनदा?" तात्या हसले. "झाडं हायत का तालमीतले पैलवान? लई हुतंय राव. नक्की का?"

नक्की नव्हतं. पण भावकीतल्या माणसासमोर, स्वतःच्या दुकानात, मला ठाऊक नाही असं मी म्हणू शकलो नाही. "बाईंना विचारून सांगतो," म्हणालो.

"हां. बाईस्नी इचार. त्या म्हनल्या तर मारतो."

शनिवार आला. बाई एसटीतून उतरल्या. माझ्या दुकानासमोरून गेल्या. मी हाक मारणार होतो. पण दुकानात दोघं-तिघं होते आणि मला बाईंचा चेहरा दिसत होता: 'विलास, हे तुला शिकवलं होतं.' त्या एवढंच म्हणाल्या असत्या. एवढंही मला नको होतं. म्हटलं, दुपारी विचारू. दुपारी त्यांच्याबरोबर मुली होत्या. संध्याकाळी तात्या आले.

"इचारलं का बाईस्नी?"

"इचारलं."

"मग?"

"बाई म्हणाल्या, आठवड्यातून दोनदाच."

इतकं सोपं होतं ते. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

बाकीच्यांनी आमच्या रिवाजाप्रमाणे वाट पाहिली: आधी बबनचं बघू. बबनतात्यांनी मारलं. पहिल्यांदा पानं काळीभोर, तजेलदार दिसली. मग कडा वाळायला लागल्या. तरी तात्या मारत राहिले, कारण बाईंनी सांगितलं होतं. मग फुलं गळाली, आणि एका सकाळी सगळा प्लॉट आगीच्या धगीनं गेल्यासारखा दिसला. नंतर कळलं की ते औषध आठवड्याआड मारायचं होतं. एक आठवडा मारायचं, एक सोडायचा. 'आड' हा एवढासा शब्द आपल्याकडे आहे, इंग्रजीच्या त्या शब्दात नाही.

तात्या शनिवारी थांब्यावर आले. बाई एसटीतून उतरत होत्या. तात्यांचा आवाज चढला नव्हता, पण माणसं जमली.

"बाई, तुमी सांगितलं आठवड्यातून दोनदा. माझं रान बघायला या जरा."

"मी सांगितलं? कुणाला?"

"इलासला."

बाईंनी माझ्या दुकानाकडे पाहिलं. जमलेल्या सगळ्यांनी पाहिलं. तेव्हाच मी खोकं सरळ करायला वाकलो. वाकल्यावर मला फक्त त्यांच्या छत्रीचं टोक आणि चपला दिसत होत्या. छत्री जागची हलली नाही. त्या वाट बघत होत्या. आज इतक्या वर्षांनी मला नेमकं कळतं की त्या माझी वाट बघत होत्या. मी उठून एक वाक्य बोलेन याची. मी उठलो नाही.

मग बाईंचा आवाज आला, वर्गातल्यासारखाच. "मला कुणी विचारलं असतं, तर मी दोन्ही अर्थ सांगितले असते आणि म्हटलं असतं, ज्यानं सांगितलं त्याला पुन्हा विचारा."

"आता फिरवू नका बाई," कुणीतरी म्हणालं.

बाईंनी फिरवलं नाही. मी खोटं बोललो असंही त्या म्हणाल्या नाहीत. छत्री उचलली आणि शाळेत गेल्या.

त्यानंतर गावानं जुने सगळे संशय बाहेर काढले. आपला कप चालत नाही, म्हणजे आपल्याबद्दल मनात काहीतरी असणारच. मुद्दाम सांगितलं असेल. रान करपलेलं बघून बरं वाटलं असेल. पोरींना शनिवारी काय शिकवतात, कोण बघायला गेलंय? पहिली मंदा बंद झाली. तात्यांनी थांबवलेली स्थळं पुन्हा यायला लागली. मग एकेक करून बाकीच्या.

मी दुकानातून बघत होतो. माझं बसणं शाळेसमोरच. शनिवारी बाई नेहमीच्या गाडीनं यायच्या, शाळा सुटल्यावर वर्गात थांबायच्या. दार उघडं, खिडक्या उघड्या. मुली कमी होत गेल्या आणि एका शनिवारी कुणीच नव्हतं. बाई खुर्ची दाराकडे करून बसल्या होत्या. नेहमीच्या वेळेपर्यंत बसल्या आणि नेहमीच्याच गाडीनं गेल्या. पुढच्या शनिवारीही तशाच बसल्या. मुली येतील असं त्यांना वाटत होतं की दुसरं कुणी येईल असं, ते मला ठरवता आलं नाही. मी ठरवलंही नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. त्या दिवसांत मी माझ्या आठवणीवर काम करत होतो. रात्री पडल्या पडल्या तो जुना तास पुन्हा भरवायचो आणि बाईंच्या तोंडी हळूहळू ते वाक्य घालायचो: बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा. कदाचित त्यांनी तसंच शिकवलं असेल. कदाचित त्यांचीच चूक. काही दिवसांनी मला त्यांचा आवाजही ऐकू यायला लागला. माणूस स्वतःला इतकं फसवू शकतो याचा मला तोवर पत्ता नव्हता. तेव्हापासून माझ्या कुठल्याच आठवणीवर माझा पुरता भरवसा नाही. हे लिहितानाही नाही.

वर्ष संपताना बाईंनी स्वतःहून बदली मागितली. संस्थेची दुसरी शाळा आंबेगाव तालुक्यात, घोडेगावकडे होती. निरोपाच्या समारंभाला गावातले थोडे लोक गेले. मी दुकान बंद ठेवायला नको म्हणून गेलो नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही.

मग बरीच वर्षं गेली. माझं लग्न, मुलं, दुकानाची दुसरी खोली. शनिवार मात्र सुटला नाही. सकाळची गाडी थांब्यावर लागली की मी अजूनही काहीतरी शोधायला खाली वाकतो, हे माझ्या बायकोनं मला दाखवून दिलं. "दर शनवारी तुमचं काय हरवतं खाली?" तिनं विचारलं. मी सांगितलं नाही.

एका संकष्टीला ओझरला दर्शनाच्या रांगेत मागून हाक आली. "विलासदादा, ओळखलं का?"

मंदा होती. अंगानं भरली होती. बरोबर मुलगी, शाळेच्या वयाची. मंचरजवळ दिली होती तिला. इकडचं तिकडचं झालं. मग रांग थांबली आणि ती सहज, मुलीच्या वेणीची रिबन नीट करत म्हणाली, "दादा, तुमी बाईंना इचारलंच नव्हतं ना?"

मी पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघू लागलो.

"मला तवाच म्हाईत व्हतं. रान करपलं त्या आठवड्यात मी गुपचूप बाईंकडं गेले व्हते. इचारलं, तुमी असं कसं सांगितलं? बाई म्हनल्या, मला विलासनं विचारलं नाही. बास. अजून काय बोलल्या न्हाईत."

"मग तू...?"

"मी तात्यांना सांगितलं की. त्याच दिवशी."

"काय म्हणाले तात्या?"

मंदा हसली, पण ते हसणं वडिलांवरचं होतं की माझ्यावरचं, कळलं नाही. "म्हनले, गप बस. विलास आपला हाय. बाई काय, आज हायती, उद्या बदलून जातील."

रांग पुढे सरकली. गणपतीसमोर मी हात जोडले, पण काय मागितलं ते आठवत नाही. बाहेर आल्यावर मंदानं सांगितलं की बाई निवृत्त झाल्या, घोडेगावातच राहतात, आणि ती त्यांच्याकडे जाते. लग्नानंतर तिनं बारावी केली ती बाईंमुळेच. "'येते मी कधीमधी' म्हनलं की चिडत्यात अजून. म्हनत्यात, कधीमधी म्हणजे किती दिवसांनी ते सांग. म्हनून मी संकष्टीच्या आदल्या दिवशी जाते. ठरलेलं."

जाताना ती आणखी एक बोलली. "त्यो पेला आठवतो का बाईंचा? आधीच्या शाळेत चहाला त्यांचा कप येगळा ठेवायचे, खिडकीत. म्हनून इथं आल्या त्याच दिवशी स्वतःचा घेऊन आल्या. कुनी येगळा काढायच्या आधी." तिनं मुलीचा हात धरला. "मी इचारलं म्हनून सांगितलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर गेलो. दूध घालायला सगळे असतात. बबनतात्या बाकावर बसले होते, आता थकलेले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तात्या, त्या औषधाचं मी बाईंना इचारलंच नव्हतं. मीच माझ्या मनानं सांगितलं व्हतं आन् नाव त्यांचं घेतलं."

किटल्यांचा आवाज तेवढा येत राहिला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लांब रस्त्याकडे. "जुनं झालं ते," ते म्हणाले. "बस. चा घे."

मला वाटलं होतं कुणी शिवी देईल. कॉलर धरेल. एवढं वर्षानुवर्षं मनात वागवलेलं ओझं मी खाली टाकलं आणि ते कुणाच्या पायावरसुद्धा पडलं नाही. त्यांना ठाऊकच होतं. मी चहा घेतला. गोड होता. पिता पिता लक्षात आलं की ज्यांच्यापाशी बोललो ते माझ्यासारखेच लपलेले होते. 'आपला' या एका शब्दाच्या आड सगळं गाव मावलं होतं. बाई तेवढ्या बाहेर राहिल्या होत्या.

त्याच दुपारी मी घोडेगावला गेलो.

बाई ओसरीवर बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा जाड. मांडीवर सुपात भाजलेले शेंगदाणे. एकेक फोडून उजेडात धरत होत्या. छत्री खुंटीला.

"कोण?"

"मी विलास, बाई. नारायणगावकडून आलोय. दुकान—"

"किल्ल्यावर मुक्काम," बाई म्हणाल्या.

मी चपला काढून पायरीपाशी उभा राहिलो.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"काही काम आहे माझ्याकडे?"

"नाही."

त्यांनी मला त्या शेंगदाण्यासारखं उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "बस." आत जाऊन चहा घेऊन आल्या. मला कपात, स्वतःला त्याच पेल्यात. पेल्याच्या काठाला पोचा आला होता. मी पेल्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

मी वाटेत वाक्य जुळवून आणलं होतं. "बाई, त्या वेळी फार मोठी चूक झाली."

"कुणाची?"

"म्हणजे... झाली."

"पाऊस झाला, सकाळ झाली, चूक झाली. सगळं आपोआप. कर्ता कुठे आहे वाक्यात?"

"माझ्याकडून चूक—"

"कडून नको."

मी कप खाली ठेवला. "मी चूक केली."

"बायवीकलीची?" बाईंनी एक शेंगदाणा फोडला. "त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो शब्दच दोन्ही पंगतींना जेवणारा आहे. त्याला युक्ती नाही, तो आला की विचारायचं आणि लाजायचं नाही, असं वर्गात सांगितलं होतं मी. तुझं लक्ष नव्हतं. ते असू दे. पुढचं सांग."

म्हणजे हे होतं ते. माझ्या आठवणीतल्या भोकात नेमकं हेच वाक्य बसत होतं.

"मी खोटं बोललो, बाई. तुमचं नाव घेतलं."

"किती वेळा?"

"एकदाच."

"एकदाच," त्या म्हणाल्या. फाक उजेडात धरली, पण तोंडात टाकली नाही. "आणि गप्प किती वेळा बसलास?"

शाळेसमोरचं ते उघडं दार माझ्या डोळ्यांपुढे आलं. दाराकडे केलेली खुर्ची.

"दर शनिवारी," मी म्हणालो.

"वीकली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातली फाक सुपात पडली. "हां. आता पूर्ण वाक्यात सांग. सुरुवातीपासून."

मी उठून उभा राहिलो, वर्गात राहायचो तसा.

"बाई, मी एकदा खोटं बोललो, आणि नंतर दर शनिवारी तुम्हाला त्या रिकाम्या वर्गात बसलेलं बघून गप्प बसलो. मी तुमची माफी मागतो."